विल्यम जेनिंग्ज ब्रायन : लोकमतावरील निष्ठा आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

अध्यक्षपदाची निवडणूक तीनदा हरूनही आपल्या काळावर ठसा उमटविणारे नेते अमेरिकेच्या इतिहासात फारच थोडे आहेत. विल्यम जेनिंग्ज ब्रायन (१८६०-१९२५) हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या चरित्राचे सामान्यतः दोन भाग पाडले जातात. पूर्वार्धात ते शेतकऱ्यांचे पुरोगामी नेते म्हणून दिसतात, तर उत्तरार्धात उत्क्रांतिवादाला विरोध करणारे सनातनी म्हणून. ही विभागणी सोयीची असली तरी ग्राह्य मानता येत नाही. बहुमताचा कौल हाच न्याय, या एकाच धारणेतून ब्रायन यांचे यश आणि अपयश दोन्ही उद्भवले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

वकिलीकडून राजकारणाकडे

इलिनॉय राज्यातील सेलम येथे जन्मलेल्या ब्रायन यांचे वडील वकील व न्यायाधीश होते. शिकागो येथे १८८३ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे जॅक्सनव्हिल येथे वकिली केली. १८८७ मध्ये ते नेब्रास्कातील लिंकन येथे स्थायिक झाले आणि १८९० मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले. वकील म्हणून त्यांची कारकीर्द सामान्यच राहिली. मात्र अशिलाची बाजू मांडावी तशी जनतेची बाजू मांडण्याची वृत्ती त्यांनी आयुष्यभर जपली.

त्या काळात सुवर्णचलनामुळे पैशाचा पुरवठा आखडला होता. धान्याचे भाव घसरत होते. शेतकऱ्याच्या कर्जाचा आकडा तोच राहून ते फेडण्यासाठी लागणारे धान्य मात्र वाढत होते. सोळास एक या प्रमाणात चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत, ही मागणी त्यातून पुढे आली. ९ जुलै १८९६ रोजी शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ब्रायन यांनी केलेले ‘सुवर्णक्रूस’ भाषण याच मागणीचे समर्थन करणारे होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. रेल्वेने सुमारे १८,००० मैल प्रवास करून त्यांनी प्रचार केला. सुमारे ६५ लाख मते मिळूनही मॅकिन्ली यांनी त्यांचा निर्वाचक मतांत २७१ विरुद्ध १७६ असा पराभव केला. १९०० आणि १९०८ मध्येही त्यांच्या पदरी अपयशच आले.

पराभूताचे यश

निवडणुका हरलेल्या ब्रायन यांचे विचार मात्र टिकले. आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्यांनी पुरस्कारलेल्या सुधारणा १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने मान्य झाल्या; स्त्रियांचा मताधिकार १९२० मध्ये मान्य झाला. फिलिपिन्सवरील अमेरिकी सत्तेला त्यांनी विरोध केला. १९०५-०६ मधील जगप्रवासात ते भारतात आले आणि ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका करणारा लेख त्यांनी लिहिला. शासितांची संमती नसलेले राज्य न्याय्य असू शकत नाही, हाच त्यामागील विचार होता. पुढे गदर पक्षाने या लेखाचा प्रचारासाठी उपयोग केला.

विल्सन यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री असताना (१९१३-१५) त्यांनी अनेक राष्ट्रांशी सामोपचाराचे करार केले. वाद उद्भवल्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत युद्ध पुकारू नये, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. ‘लुसिटानिया’ जहाज बुडाल्यानंतर जर्मनीला पाठविण्याच्या दुसऱ्या खलित्यावर सही करण्यापेक्षा त्यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा देणे पसंत केले. तत्त्वासाठी पद सोडण्याचा हा प्रसंग त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतो.

‘लोक’ या संकल्पनेची मर्यादा

असे असले तरी, ब्रायन यांच्या ‘लोकां’त कोणाचा समावेश होता, हा प्रश्न टाळता येत नाही. फिलिपिनो जनतेच्या संमतीचा आग्रह धरणारे ब्रायन दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला जात असताना त्याविरुद्ध उभे राहिले नाहीत. पक्षाची सारी भिस्त दक्षिणेतील गोऱ्या मतदारांवर होती. १९२४ च्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्याच्या ठरावालाही त्यांनी पक्षाच्या ऐक्यासाठी विरोध केला. तो ठराव अगदी निसटत्या फरकाने फेटाळला गेला.

डेटनचा खटला

१९२५ मध्ये टेनेसी राज्याने बटलर कायदा केला. मानव हा कनिष्ठ प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळांत शिकविण्यास त्याने मनाई केली. जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरण्यात आला. सरकारतर्फे उभे राहिलेल्या ब्रायन यांनी त्यापूर्वी तीसहून अधिक वर्षे न्यायालयात वकिली केली नव्हती. बचाव पक्षाचे क्लॅरेन्स डॅरो हे १८९६ मध्ये त्यांच्याच बाजूने प्रचारात उतरले होते. डॅरो यांनी बायबलविषयी केलेल्या उलटतपासणीत ब्रायन निरुत्तर होत गेले. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. निकालानंतर पाच दिवसांनी, २६ जुलै रोजी, ब्रायन यांचे डेटन येथेच निधन झाले. तांत्रिक कारणावरून १९२७ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. बटलर कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

या खटल्यावर आधारित ‘इनहेरिट द विंड’ (१९५५) या नाटकाने त्यांची हास्यास्पद प्रतिमा रूढ केली. ती अन्यायकारक आहे. बलिष्ठांनी दुर्बलांना चिरडणे हा निसर्गनियम ठरेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. डेटनमध्ये वापरात असलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातच वंशश्रेष्ठत्वाचे आणि सुप्रजननाचे समर्थन होते. परंतु शाळेसाठी कर भरणारी जनताच काय शिकवावे हे ठरवील, हा त्यांचा युक्तिवाद सदोष होता. करांचा दर बहुमताने ठरू शकतो. जीवसृष्टीचा इतिहास बहुमताने ठरत नाही.

समारोप

ब्रायन बदलले नाहीत. बदलला तो प्रश्न. सत्ता कोणाची, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर बव्हंशी योग्य होते. सत्य कोणते आणि अल्पसंख्याकांचे हक्क कोणते, या प्रश्नांना तेच उत्तर लागू करण्यात त्यांची चूक झाली. वर्गात काय शिकवावे यावर बाहेरून दडपण येते तेव्हा ते बहुधा जनतेच्याच नावाने येते. म्हणूनच अध्यापकाने ब्रायन यांची टवाळी करण्यापेक्षा त्यांचा युक्तिवाद समजून घेऊन त्याला उत्तर देणे अधिक आवश्यक आहे.