तीन वर्षांनी हवालदार बदला

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. सुट्टीच्या दिवशी तिथे बरीच गर्दी असते, आणि त्या गर्दीत एखादा ऑफिसचा ग्रुपही असतो. एकसारखे टीशर्ट घातलेली वीस-पंचवीस मुलं आणि त्यांना शिवकाळातून 'लीडरशिप' शिकवणारा कुणीतरी. मालक असल्यासारखं काम करा, झोकून द्या, निष्ठा ठेवा, असं तो सांगत असतो.

अशा भाषणांत 'आज्ञापत्रा'चं नाव हमखास येतं. पण ते ग्रंथ म्हणून वाचायला घेतलं तर उलटंच काहीतरी हाती लागतं. माणसांनी निष्ठावान असावं ही अपेक्षा त्यात आहेच, पण लिहिणाऱ्याने सगळा भरवसा त्यावर ठेवलेला नाही.

आज्ञापत्र साधारण 1715-16 च्या सुमाराचं. कोल्हापूरच्या गादीवर नुकताच आलेला तरुण राजा, दुसरा संभाजी, याच्या नावाने ते निघालं आणि लिहिलं रामचंद्रपंत अमात्यांनी. या माणसाने शिवाजी, संभाजी, राजाराम आणि ताराबाई अशा चौघांची कारकीर्द आतून पाहिली होती. राजाराम जिंजीला असताना महाराष्ट्रातला कारभार त्यांच्यावर होता. थोडक्यात, चार साहेब पाहिलेला माणूस पाचव्याला ऑफिस कसं चालतं ते सांगतोय. नऊ प्रकरणांपैकी शेवटची दोन दुर्गांवर आणि आरमारावर आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने निदान तेवढी तरी वाचावीत.

दुर्गांच्या प्रकरणात एक साधा हिशोब आहे. गडावरचा हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. कारण असं की माणूस एका जागी फार राहिला की तिथे रुजतो, मग त्याला हलवणं जड जातं. आता मुदती पुन्हा पाहा. तीन, चार, पाच. सगळे एकदम बदलत नाहीत. नवा हवालदार येतो तेव्हा दप्तर माहीत असलेला सबनीस जागेवर असतो. माणूस जातो, पण कामाची माहिती गडावरच राहते.

याच्या आधीची मांडणी सभासद बखरीत दिसते. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस तिघे एका दर्जाचे, कारभार तिघांच्या विचाराने. धान्य-सामानाचा हिशोब कारखानिसाकडे. एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा उद्देश. या पदांवर वेगवेगळ्या जातींची माणसं नेमली जात, असंही इतिहासकार नोंदवतात. म्हणजे समाजात होतंच ते अंतर व्यवस्थेने कुलपासारखं वापरलं. त्याचं कौतुक करताना हेही दिसायला हवं.

माझ्या पहिल्या नोकरीत स्टोअरची चावी, आवक-जावक नोंदवही आणि बिलावरची सही एकाच माणसाकडे होती. माणूस चांगला होता, आम्हा सगळ्यांचा लाडका. गावच्या पालखीला तो रजेवर गेला की काम ठप्प व्हायचं आणि सगळे म्हणायचे, बघा, त्याच्यावाचून चालत नाही. तो नोकरी सोडून गेला तेव्हा हिशोब जुळेना. ठपका आला त्याच्या हाताखालच्या पोरावर, ज्याला कसलाच अधिकार नव्हता. तेव्हा मला ते माणसांचं भांडण वाटलं होतं. आज्ञापत्र वाचल्यावर कळलं की तिथे हवालदार, सबनीस आणि कारखानीस एकाच खुर्चीत बसवले होते.

आरमाराच्या प्रकरणातही हीच नजर आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, आणि सगळ्यांवर एक सरसुभा. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरलेल्या उत्पन्नातून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये. का? तर पगार बंदरातून निघायचा असेल तर आरमारी माणूस व्यापाऱ्याला पिळणार आणि व्यापारच बुडणार. पगार कुठून येतो यावर माणूस कसा वागतो हे ठरतं, एवढी साधी गोष्ट. जहाजासाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. झाड जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं.

एवढं वाचून आपण खूश होतो. पण हा मजकूर कधी लिहिला गेला ते पाहिलं की त्याचा सूर बदलतो.

कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूने त्यांच्यावर आपला पेशवा, बहिरोपंत पिंगळे, पाठवला. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं. मग 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूकडे आले, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहिले. म्हणजे रामचंद्रपंत आरमाराचं प्रकरण लिहीत होते तेव्हा या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं मराठी आरमार त्यांच्या राजाच्या हातून नुकतंच गेलं होतं. मला तरी हे प्रकरण यशाची कृती म्हणून वाचता येत नाही. काय निसटलं आणि कशामुळे, याची ती टिपण वाटते.

कारण कान्होजींसारख्या दर्यावर्दीला तीन वर्षांनी कोण बदलणार? इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना त्यांनी हयातभर तोंड दिलं. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण आरमार हे खातं न राहता घर झालं, आणि घराचं पुढे जे होतं तेच झालं. 1729 मध्ये कान्होजी गेले, 1733 मध्ये थोरले सेखोजी. मग भाऊबंदकी. 1735 मध्ये बाजीरावांनी वाटणी केली: कुलाबा मानाजींकडे, सरखेलपद आणि दक्षिणेकडचा भाग संभाजी आंग्र्यांकडे. पुढे तुळाजींच्या वेळी पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेतली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आरमार जळालं.

दक्षिणेला मुरुडसमोर जंजिरा आहे. तिथे प्रमुखपद बराच काळ बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे, सिद्दी सरदारांमधून प्रमुख ठरत असे. फत्तेखान शिवाजीमहाराजांना किल्ला द्यायच्या बेतात आला तेव्हा त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केलं. जंजिरा टिकण्याला मुघलांच्या मदतीसह इतरही कारणं होती. तरी प्रमुख चुकला तर त्याला हटवायची सोय आतच होती, हे नाकारता येत नाही. जंजिरा संस्थान 1948 पर्यंत राहिलं.

आज्ञापत्राची मर्यादाही सांगायला हवी. वतनदार राजाला डोईजड होतात, नोकरीबद्दल जमिनी देऊ नयेत, हे रामचंद्रपंत खणखणीत सांगतात. पण त्यांचीच बावड्याची जहागीर वंशपरंपरेने चालत राहिली. नियम लिहिणारा स्वतः नियमाबाहेर उभा आहे. शिवाय ग्रंथ सगळा वरून पाहतो. वल्ही मारणारा कोळी, भंडारी, खलाशी इथे हुकूम पाळणारा किंवा आवरायचा माणूस म्हणून येतो. त्याला तांडेलाविरुद्ध काही सांगायचं असेल तर कुणाकडे जावं, हे या दोन प्रकरणांत सापडत नाही.

म्हणून कुलाब्याच्या दरवाज्यात उभं राहून कुणी तुम्हाला निष्ठा शिकवायला लागलं तर ऐकून घ्या, आणि मग साधे प्रश्न विचारा. चावी कुणाकडे आहे? वही कुणाकडे? पगार कुठून येतो? आणि साहेबाची बदली कधी? प्रश्न उद्धट वाटले तर सांगा की शेवटचा प्रश्न मुदतीसकट अमात्यांनीच लिहून ठेवलाय. फक्त भरतीची वेळ पाहून ठेवा, परतीची वाट पाण्याखाली जाते.