सूक्ष्मशैवाल, सांडपाणी आणि जैवइंधन : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

सांडपाण्यात सूक्ष्मशैवालांची वाढ करून त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस, अर्थात नत्र व स्फुरद, काढून घेणे आणि त्याच शैवालांपासून जैवइंधन मिळविणे या विषयावर गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. आपल्याकडील महाविद्यालयीन नियतकालिकांतही अशा शोधनिबंधांना तोटा नाही. त्यांची सुरुवात बहुधा ठरलेली असते. खनिज तेलाचे साठे मर्यादित आहेत, नद्यांचे प्रदूषण वाढत आहे आणि शैवाल हे या दोन्ही प्रश्नांवरील एकच उत्तर आहे, असे पहिल्याच परिच्छेदात सांगितले जाते. त्यानंतर येणारे प्रयोग या विधानाची परीक्षा घेत नाहीत, ते त्याला गृहीत धरून पुढे जातात.

पाणी शुद्ध करणे आणि तेल मिळविणे ही दोन उद्दिष्टे खरोखर एकाच दिशेने जातात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. शैवाल निरुपयोगी आहे असे दाखविण्याचा हेतू येथे नाही. किंबहुना त्याचा जो खरा उपयोग आहे तो इंधनाच्या आकर्षणामुळे झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ कल्पनेचे स्वरूप

या विचाराचे जनकत्व युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली येथील विल्यम ऑस्वाल्ड यांच्याकडे जाते. ऑस्वाल्ड व गोटास यांनी १९५७ मध्ये सांडपाण्याच्या शुद्धीकरणातील प्रकाशसंश्लेषणाची भूमिका मांडली. उथळ तळ्यात शैवाल प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जिवाणू सेंद्रिय घाण कुजवितात आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शैवाल वापरते, असे हे परस्परावलंबी चक्र आहे. पुढे १९६० मध्ये ऑस्वाल्ड व गोल्यूक यांनी या शैवालांपासून मिथेन वायू आणि त्यापासून वीज निर्माण करण्याची योजना मांडली.

या योजनेत तेलाचा विचार मध्यवर्ती नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ओले शैवाल कुजवून मिथेन मिळवावयाचा असल्याने ते वाळविण्याचा किंवा त्यातून तेल काढण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपल्याकडेही ही तळी नवी नाहीत. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून सोली आर्सीवाला व सहकाऱ्यांनी भारतीय परिस्थितीतील स्थिरीकरण तळ्यांविषयी १९७० मध्ये पुस्तकच प्रसिद्ध केले होते. शैवालांवरील आजच्या मराठी वा इंग्रजी निबंधांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. संदर्भसूची जणू २००७ पासूनच सुरू होते!

१९९८ चा अहवाल आणि त्याचे वाचन

तेलाचा विचार अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ‘ॲक्वॅटिक स्पीशीज प्रोग्राम’मुळे पुढे आला. हा कार्यक्रम १९७८ ते १९९६ या काळात चालला. त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि शैवालांचे तीन हजारांहून अधिक वाण गोळा करण्यात आले. त्याचा समारोपाचा अहवाल शीहान, डनाहे, बेनेमन व रोसलर यांनी १९९८ मध्ये लिहिला. शैवाल-इंधनावरील जवळजवळ प्रत्येक निबंधात या अहवालाचा संदर्भ असतो, परंतु तो आधार म्हणून दिला जातो. वस्तुतः हा अहवाल अत्यंत सावध आहे.

न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे प्रत्येकी १,००० चौरस मीटरच्या तळ्यांत प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. एखाद्या उत्तम दिवशी प्रति चौरस मीटर ५० ग्रॅमपर्यंत शैवाल मिळाले, मात्र रात्रीच्या थंडीमुळे सरासरी १० ग्रॅमच्या आसपासच राहिली. उत्पादनक्षमतेविषयी अत्यंत आशावादी गृहीतके धरूनही शैवालापासूनचे जैवडिझेल तत्कालीन खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडेल, असा अहवालाचा अंदाज होता.

सर्वांत महत्त्वाचा भाग तथाकथित ‘लिपिड ट्रिगर’विषयी आहे. नायट्रोजनची उपासमार केली असता शैवालाच्या पेशीत तेलाचे प्रमाण वाढते, ही गोष्ट खरी आहे. पण उपासमारीत पेशींचे विभाजन थांबते. परिणामी तेलाची टक्केवारी वाढली तरी दररोज मिळणारे एकूण तेल कमी होते, असे अहवाल स्पष्टपणे नोंदवितो. येथेच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. सांडपाणी म्हणजे नायट्रोजनची मेजवानी. ज्या परिस्थितीत शैवाल पाणी उत्तम शुद्ध करते, त्या परिस्थितीत ते तेल साठवीत नाही आणि ज्या परिस्थितीत ते तेल साठविते, त्या परिस्थितीत त्याला काढून घेण्यासारखे पाण्यात फारसे काही उरलेले नसते.

यावर द्विस्तरीय पद्धतीचा उपाय सुचविला जातो. पहिल्या तळ्यात शुद्धीकरण करावे आणि दुसऱ्या तळ्यात उपासमार घडवावी. तत्त्वतः ते शक्य आहे. परंतु दुसऱ्या तळ्याला जमीन लागते, दिवस लागतात आणि त्या दिवसांत पाणी अधिक शुद्ध होत नाही. मग हा खर्च शुद्धीकरणाच्या खात्यात मांडावयाचा की इंधनाच्या, याचे उत्तर अशा निबंधांत मिळत नाही.

अर्थात सांडपाण्याशी जोड दिली तरच शैवाल-इंधन नजीकच्या काळात संभवते, असेही हाच अहवाल म्हणतो. पण त्यामागील कारण वेगळे आहे. शुद्धीकरणाचा मोबदला मिळत असल्याने अशा ठिकाणी शैवालाची उत्पादकता कमी असूनही भागते. म्हणजे भार पाणी उचलते, इंधन नव्हे.

एका कोष्टकाची कहाणी

युसुफ चिस्ती यांचा ‘बायोटेक्नॉलॉजी ॲडव्हान्सेस’मधील २००७ चा लेख या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी आहे. त्यातील एक कोष्टक आपल्याकडील असंख्य निबंधांत जसेच्या तसे उतरलेले दिसते. त्यानुसार दर हेक्टरी दर वर्षी रतनज्योत (जट्रोफा) १,८९२ लिटर, तेलताड ५,९५० लिटर, ३० टक्के तेल असलेले शैवाल ५८,७०० लिटर आणि ७० टक्के तेल असलेले शैवाल १,३६,९०० लिटर तेल देते.

हे शेवटचे दोन आकडे अनुक्रमे ०.३ आणि ०.७ ने भागून पाहावेत. दोन्ही वेळा उत्तर सुमारे १,९५,६०० येते. याचा अर्थ असा की, तेलाचे प्रमाण ३० वरून ७० टक्क्यांवर गेले तरी शैवालाची वाढ तसूभरही मंदावत नाही, असे या कोष्टकात अध्याहृत आहे. १९९८ च्या अहवालाने नेमके याच्या उलट नोंदविले होते. शिवाय तेलाची घनता ०.९ धरल्यास या आकड्यांमागे प्रति चौरस मीटर दररोज सुमारे ४८ ग्रॅम शैवाल, तेही वर्षभर, असे गृहीतक निघते. रॉसवेलच्या तळ्यांचा जो सर्वोत्तम दिवस, तो येथे वर्षाची सरासरी झाला आहे. चिस्ती यांच्या समोर बंद नळ्यांची प्रकाशपात्रे होती, त्यामुळे त्यांच्या लेखापुरता हा आकडा समजण्यासारखा आहे. परंतु उघड्या सांडपाणी-तळ्याचे समर्थन करण्यासाठी तो उतरवून घेणे हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही.

प्रयोगशाळेतील टक्केवारी

पदव्युत्तर प्रकल्पांत आणि लहान निबंधांत आढळणारी पद्धत साधारणतः अशी असते. सांडपाणी गाळून, निर्जंतुक करून, प्रसंगी पातळ करून चंबूत घ्यावयाचे, क्लोरेला किंवा सेनेडेस्मस सोडावयाचे, स्थिर प्रकाशात दहा-बारा दिवस ठेवावयाचे आणि शेवटी ‘अमोनिया ९० टक्के कमी झाला’ असे लिहावयाचे. हा अमोनिया गेला कोठे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

शैवाल दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू वाढतो. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ९.२५ च्या आसपास पोहोचला की निम्मा अमोनिया मुक्त वायुरूपात येतो आणि हवेत निघून जाऊ शकतो. याच सामूला फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साक्याच्या रूपाने तळाशी बसते. म्हणजे पाण्यातून पोषकद्रव्ये नाहीशी झाली तरी ती सर्व शैवालाच्या पेशीत गेली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी शैवालातील नायट्रोजन स्वतंत्रपणे मोजून वस्तुमानाचा ताळेबंद मांडावा लागतो. हे मोजमाप अवघड नाही, जेल्डाल पद्धतीचे उपकरण आपल्या बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असते. तरीही ताळेबंद दिसत नाही, ही बाब परीक्षकांच्या नजरेतूनही सुटते याचे आश्चर्य वाटते. शैवालाच्या नावावर जमा झालेला अमोनिया प्रत्यक्षात हवेत गेला असेल, तर ते प्रदूषणाचे स्थलांतर आहे.

एक दशलक्ष लिटरचा हिशेब

आता एक साधा हिशेब मांडून पाहू. दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी असे धरल्यास, दररोज एक दशलक्ष लिटर म्हणजे सुमारे नऊ हजार लोकवस्तीचे सांडपाणी होते. त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रोजन आहे आणि तो सर्वच्या सर्व शैवालाने घेतला असे मानू. शैवालाच्या शुष्क वजनात ८ टक्के नायट्रोजन धरल्यास दररोज ५०० किलो शैवाल तयार होईल. (येथे आणखी एक अडचण आहे. एक भाग नायट्रोजनामागे शैवालाला वजनाने सुमारे सहा भाग कार्बन लागतो आणि घरगुती सांडपाण्यात तो तेवढा नसतो. तो बाहेरून पुरवावा लागेल.) प्रति चौरस मीटर १५ ग्रॅम ही बरी म्हणावी अशी उत्पादकता धरली, तर यासाठी ३.३ हेक्टर तळे लागते. शैवालात २० टक्के तेल आहे आणि ते सर्व काढता आले असे समजले, तर दररोज १०० किलो, म्हणजे सुमारे ११० लिटर तेल मिळेल. दरडोई हे प्रमाण दिवसाला १२ मिलिलिटर पडते. हेक्टरी वार्षिक उत्पादन १२,००० लिटर होते. ते तेलताडाच्या दुप्पट असले तरी कोष्टकातील १,३६,९०० च्या अकराव्या हिश्श्याच्या जवळपास आहे.

हे तेल काढावयाचे कसे? तळ्यातील पाण्यात शैवालाचे प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम असते आणि पेशी काही मायक्रॉन आकाराच्या असतात. त्या गोळा करून २० टक्के घनतेचा लगदा केला, तरी एक किलो शुष्क शैवालामागे चार किलो पाणी शिल्लक राहते. ते उष्णतेने वाळविण्यास सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा लागते. त्या एक किलो शैवालातील २०० ग्रॅम तेलात मात्र साडेसात मेगाज्यूलच ऊर्जा असते. उन्हात वाळवावे असे म्हटले, तर जागा, दुर्गंधी आणि पावसाळा यांचा विचार करावा लागतो.

याउलट याच तळ्याचा दुसरा लाभ पाहण्यासारखा आहे. एक किलो शैवाल तयार होताना सुमारे दीड किलो प्राणवायू सुटतो. दशलक्ष लिटर सांडपाण्यातील सेंद्रिय घाणीला साधारण अडीचशे किलो प्राणवायू लागतो. यांत्रिक वातनाने तो द्यावयाचा तर एका युनिट विजेत प्रत्यक्षात एक ते दीड किलोच मिळतो. म्हणजे दररोज दोनशे युनिटांच्या आसपास विजेची बचत होते आणि त्यासाठी शैवाल वाळवावे लागत नाही, तेल काढावे लागत नाही. ऑस्वाल्ड यांना १९५७ मध्ये दिसलेला लाभ तो हाच. तथापि पोषकद्रव्ये खऱ्या अर्थाने काढावयाची असतील तर शैवाल पाण्याबाहेर काढणे अनिवार्य आहे, कारण ते नदीत गेले आणि मेले की त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा पाण्यातच येतात.

इंधनाच्या बाजूचे पुढे काय झाले

क्लॅरेन्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या जीवनचक्र विश्लेषणात ऊर्जा, हरितगृह वायू आणि पाणी या तिन्ही बाबतींत शैवाल हे मका, कॅनोला व स्विचग्रास यांच्या मागे पडले. सांडपाणी वापरल्यास हा बोजा बराच हलका होतो, असेही त्यांनी दाखविले. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये म्हटले की, देशाच्या वाहतूक-इंधनापैकी पाच टक्के जरी तत्कालीन तंत्राने शैवालापासून मिळवावयाचे ठरविले, तरी पाणी, ऊर्जा आणि पोषकद्रव्ये यांवर न पेलणारा ताण येईल. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंतच्या गुंतवणुकीची घोषणा करून सुरू केलेले काम २०२३ मध्ये थांबविले.

स्पेनमधील चिक्लाना येथे २०११ मध्ये सुरू झालेला ‘ऑल-गॅस’ प्रकल्प मात्र उल्लेखनीय वाटतो. तेथे सांडपाण्यावर वाढविलेले शैवाल कुजवून मिळालेल्या मिथेनवर वाहने चालवून दाखविण्यात आली. अर्धशतकानंतर गाडी पुन्हा ऑस्वाल्ड आणि गोल्यूक यांच्या स्थानकावर आली, असेच म्हणावे लागेल.

आपल्या संशोधनापुढील प्रश्न

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातील नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि शुद्धीकरणाची स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. एवढी तफावत असताना शैवाल-तळ्याचे मूल्यमापन तेलाच्या लिटरांवर करणे धोक्याचे आहे. तेल परवडत नाही असे दिसताच तळेही अयशस्वी ठरविले जाते, मग ते पाणी कितीही चांगले शुद्ध करीत असो. ज्या लहान नगरपरिषदेकडे जमीन आहे पण वातनयंत्रांचे वीजबिल भरण्याची ऐपत नाही, तिचे यात नुकसान होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेला झेपतील असे प्रश्न येथे पुष्कळ आहेत. निर्जंतुक न केलेल्या स्थानिक सांडपाण्यात आपोआप वाढणाऱ्या शैवाल-जिवाणूंच्या गुठळ्या किती वेळात खाली बसतात, जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांत नायट्रोजन घेण्याचा वेग किती उतरतो आणि त्यातला किती भाग अमोनियाच्या रूपाने हवेत जातो, याची वर्षभराची मोजणी एखाद्या उघड्या टाकीतही करता येईल. त्यासाठी लागतात ती सामूमापक, गाळणकागद, जेल्डालचे उपकरण आणि चारही ऋतूंत दर आठवड्याला नमुना घेणारे विद्यार्थी.