वासुदेव बळवंत फडके यांचें बंड व दुय्यम नायकांचा प्रश्न

पनवेलजवळच्या विचुंबें गांवाहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे प्रथम पळस्पें लागतें, त्यापुढें शिरढोण, आणि त्याही पुढें कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागतो. एवढ्या लहान टापूंत मराठ्यांच्या युद्धेतिहासांतील एका जुन्या प्रश्नाचीं तीन स्थळें आलीं आहेत. शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मस्थान. पळस्पें हें त्यांच्या बंडांतील शेवटच्या मोठ्या छाप्याचें एक ठिकाण. आणि कर्नाळा हा त्या बंडाच्या सुमारें दोनशें वर्षें आधीं शिवाजीमहाराजांच्या हशमांनीं मोंगलांकडून परत घेतलेला किल्ला. वेळ थोडा असतां शिपाई कसा घडवावा, आणि त्याहून अवघड म्हणजे शिपायांचा लहानसा म्होरक्या कसा घडवावा, हा तो प्रश्न होय. वासुदेव बळवंतांच्या बंडावर आजवर जें लिहिलें गेलें त्यांत हा प्रश्न पुरेसा विचारला गेलेला नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

बंड कां फसलें याचें जें उत्तर रूढ झालें आहे, तें असें कीं, नेता थोर होता पण अनुयायी हलके होते. रामोशी लुटीसाठीं आले आणि लूट मिळतांच पांगले. हें उत्तर कोठून आलें हें पाहूं गेल्यास त्याचा मूळ झरा खुद्द वासुदेव बळवंतांच्या आत्मवृत्तांतच सांपडतो. त्यांत त्यांनीं आपल्या सोबत्यांच्या द्रव्यलोभाबद्दल वारंवार खेद व्यक्त केला आहे. पुढील चरित्रकारांनीं तो खेद उचलला व निर्णय म्हणून मांडला. परंतु आत्मवृत्त हें साधन आहे, न्यायपत्र नव्हे. तें मोहिमेच्या धांवपळींत, निराशेच्या भरांत लिहिलेलें आहे. ज्यांच्यावर दोष ठेवला आहे त्यांची बाजू सांगणारा दुसरा कागद आपल्यापुढें नाहीं. आणि हेंच लेखन पुढें खटल्यांत सरकारपक्षाला पुरावा म्हणून उपयोगी पडलें. अशा साधनांतील घटना घ्याव्यात, पण घटनांची कारणमीमांसा घेतांना हात राखावा, हा संशोधनाचा साधा नियम आहे.

त्याच आत्मवृत्तांत दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र फारसें लक्ष गेलेलें नाहीं. ती म्हणजे लेखकाचा बेत. चोहोंकडे लहान लहान टोळ्या पाठवाव्या, टपाल अडवावें, आगगाडी व तारायंत्र बंद पाडावें, तुरुंग फोडावे, म्हणजे एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणीं पोंचणार नाहीं व सरकारास बंडाचा खरा आकार कळणार नाहीं, असा तो बेत होता. बेत बुद्धिमान आहे यांत शंका नाहीं. पण त्यास काय लागतें याचा हिशेब करावा. एकत्र चालणाऱ्या दोनशें माणसांस एक सेनापति पुरतो. वीस ठिकाणीं विखुरलेल्या दोनशें माणसांस वीस नायक लागतात. आणि प्रत्येक नायक असा पाहिजे कीं, धन्याची नजर नसतां त्यानें धन्याच्या हेतूप्रमाणें वागावें, लूट मोजून घ्यावी, माणूस सांभाळावा आणि ठरल्या जागीं परत यावें. म्हणजे बेताचा सर्व भार दुय्यम नायकांवर होता, आणि तयारींत नेमकी तीच जागा रिकामी होती.

आतां वेळ किती होता तें पाहूं. वासुदेव बळवंत यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुण्यास लष्करी हिशेबाच्या खात्यांत नोकरी करीत असतां त्यांनीं लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमींत शस्त्रविद्या हस्तगत केली व पुण्यांतील तरुणांसही ते शिकवूं लागले. १८७६ पासूनच्या दुष्काळानें त्यांचें मन पेटलें. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें उघड हत्यार बाळगणें कठीण झालें. फेब्रुवारी १८७९ मध्यें बंड उभें राहिलें. २३ फेब्रुवारीस शिरूर तालुक्यांतील धामारीवर पहिला छापा पडला. मेच्या १० व ११ तारखांस कोंकणांत पळस्पें व चिखली येथें छापे झाले. आणि जुलैंत विजापूरकडील देवर नावडगी येथें ते पकडले गेले. उण्यापुऱ्या पांच महिन्यांचा हा काळ. त्यांतही माणसें गोळा करणें, शिकविणें व लढविणें हीं तिन्ही कामें एकदमच चाललीं होतीं.

शिवाय माणसें दोन प्रकारचीं होतीं. एक, पुण्याचे शिकलेले तरुण; विष्णु गद्रे, गोपाळ हरि कर्वे यांसारखे. त्यांना हेतु ठाऊक होता, दांडपट्टा ठाऊक होता. परंतु डोंगरांत दहा माणसें रात्रीं कशीं न्यावीं हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. दुसरे, रामोशी. त्यांना वाट ठाऊक होती, रात्र ठाऊक होती, नाइकाचा शब्द मानण्याची जुनी शिस्तही होती. पण हेतु त्यांचा नव्हता. शिवाय उमाजी नाईक यांस ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं फांशी देऊन सत्तेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. उमाजीच्या हाताखालीं लढलेली पिढी वृद्ध झाली होती किंवा निवर्तली होती. तिचा अनुभव पुढच्या पिढीस देणारी कोणतीही पलटण वा किल्ला मध्यंतरीं उरला नव्हता. पुण्याचा तरुण व रामोशांचा नाईक यांचा सांधा जुळता, तर एकाचा हेतु व दुसऱ्याचें कसब मिळून दुय्यम नायक तयार झाला असता. पांच महिन्यांत तो सांधा जुळला नाहीं.

येथें सभासदाच्या बखरीकडे वळणें अवश्य आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. गतवैभवाचें स्मरण म्हणून लिहिलेल्या ग्रंथांतील आंकडे जरा जास्तच नीटनेटके असणार. ते हजेरीपट म्हणून नव्हे, नियम म्हणून वाचावे. परंतु नियम म्हणून ते बोलके आहेत. हशमांत नऊ पाईक व एक नाईक मिळून सर्वांत लहान घटक. अशा पांच नाइकांवर एक हवालदार. दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार. दहा जुमल्यांवर हजारी. स्वारांत पंचवीस बारगिरांस हवालदार व त्यांच्या दिमतीस पखालजी व नालबंद. वरच्या पदांची वार्षिक तैनात होनांत ठरलेली. पावसाळ्यांत छावणी आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरी. स्वारीस निघतांना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी, परतल्यावर त्याच यादीप्रमाणें झाडा, आणि अधिक निघेल तें सरकारजमा किंवा तैनातींत वजा.

या शेवटच्या कलमाचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावा. शिवाजीमहाराजांचे मावळे लोभापासून मुक्त होते म्हणून त्यांनीं लूट दडविली नाहीं, असें सभासद म्हणत नाहीं. माणसाला लोभ असतोच हें गृहीत धरून त्यावर यादी, झाडा, तैनात व नऊ माणसांमागें एक जबाबदार नाईक अशी चौपदरी व्यवस्था बसविली होती. मग रामोशांचा लोभ हें बंड फसण्याचें कारण कसें म्हणावें? लोभ दोन्हीकडे होता. व्यवस्था एकीकडेच होती. ज्यास तैनात नाहीं, ज्याच्या घरीं दुष्काळ आहे, ज्याच्यावर नेमलेला नाईक नाहीं, त्यानें लूट घेऊन घर गांठलें यांत त्याच्या जातीचा काय दोष? इतिहासानें एका जमातीच्या माथीं मारलेला हा डाग पुराव्यावर टिकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, शिवाजीमहाराजांस तीस वर्षें मिळालीं, वासुदेव बळवंतांस पांच महिने. ही तुलनाच अन्यायाची आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर कर्नाळ्यावर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० सालीं तो परत घेतला, तेव्हां हल्ला करणारे हशम मातीचे मोर्चे रचीत व पुढें फळ्यांची आड धरून सरकले, असें इंग्रजी कागदांवरून समजतें. ज्यानें माती वाहून मोर्चा पाहिला असेल त्यास हें काम कोणाचें हें सांगावयास नको. फळी धरणारा व माती टाकणारा यांचा मेळ सेनापति दुरून घालूं शकत नाहीं. तो जवळचा नाईकच घालतो. मध्यें पांच वर्षें किल्ला गेला होता, पण नाईक-हवालदारांची घडी मोडली नव्हती. म्हणूनच वेळ येतांच एकाच वर्षांत अनेक किल्ले परत येऊं शकले. तात्पर्य, संकटकाळीं वेळ थोडाच असतो. आधीं राखलेला दुय्यम नायकांचा सांगाडा त्या थोड्या वेळास पुरा पाडतो. १९६२ च्या चीनयुद्धानंतर भारत सरकारास घाईनें सैन्य वाढवावें लागलें, तेव्हांही पुणें व मद्रास येथें प्रशिक्षणशाळा उघडून प्रथम कनिष्ठ अधिकारी तयार करण्याकडेच लक्ष दिलें गेलें. मात्र त्या शाळांना शिकविणारे जुने हात सरकारजवळ होते. वासुदेव बळवंतांजवळ ते नव्हते.

तरी एक अपवाद होता, आणि त्यावरच या लेखाचा शेवट करणें उचित होईल. दौलतराव नाईक हा रामोशी. मे १८७९ मध्यें त्यानें घाट उतरून पळस्पें व चिखली येथें लागोपाठ छापे घातले व मोठा ऐवज घेऊन टोळीसह माघारी घाटमाथ्याची वाट धरली. लूट मिळतांच पांगणाऱ्या माणसांचें हें वर्तन नव्हे. प्रमुख जवळ नसतां बेत समजून घेणारा, माणसें एकत्र ठेवणारा व ऐवज प्रमुखाकडे नेऊं पाहणारा, म्हणजे वासुदेव बळवंतांच्या बेतास हवा होता तसाच तो नायक होता. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या तुकडीनें त्यास गांठलें व तो गोळीस बळी पडला. त्याच्यामागें त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नव्हता. प्रमुखास दक्षिणेकडे श्रीशैलाची वाट धरावी लागली आणि दोन महिन्यांत सर्व संपलें.

एक दुय्यम नायक पडतांच जें बंड मोडलें, तें अनुयायांच्या हलकेपणानें मोडलें असें म्हणणें म्हणजे त्या नायकावर दुसरा अन्याय करणें होय. वासुदेव बळवंतांची थोरवी यानें तिळभर कमी होत नाहीं. त्यांनीं लिहिलेलें दुःखही खोटें ठरत नाहीं. फक्त त्या दुःखाचें कारण त्यांनीं जेथें दाखविलें तेथें तें नव्हतें. शिरढोणास त्यांचें स्मरण होतें तें योग्यच आहे. पळस्प्याच्या नाक्यावरून जाणाऱ्यानें दौलतरावाचेंही स्मरण करावें, आणि पुढील चरित्रकारानें त्याला टोळीतला एक म्हणून नव्हे, तर बंडाचा आधारस्तंभ म्हणून त्याची जागा द्यावी, एवढेंच या परीक्षणाचें मागणें आहे.