आदिवासी कलाप्रदर्शने आणि समाजाचा सहभाग : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'आदिवासी कला' असे म्हटले की गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेल्या त्रिकोणी मानवाकृती आणि तारप्याभोवती धरलेला फेर डोळ्यांसमोर येतो. मराठवाडाही याला अपवाद नाही. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन असो, महाविद्यालयीन स्नेहसंमेलन असो किंवा हस्तकलेचे प्रदर्शन असो, नांदेड आणि लातूर येथील सभागृहांच्या भिंतींवर बहुधा वारली शैलीचीच चित्रे दिसतात. लातूर जिल्ह्यात गोंड-कोलामांची वस्ती फारशी नसल्याने तेथे हे काही अंशी समजण्यासारखे आहे. नांदेड जिल्ह्याची स्थिती मात्र निराळी आहे. किनवट व माहूर या तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान व आंध या जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या कलेला जिल्ह्याच्या मुख्य शहरातील प्रदर्शनात कोणते स्थान मिळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रदर्शनाला जोडून होणाऱ्या सामुदायिक कार्यक्रमांचाही येथे विचार केला आहे, कारण या भागातील कलेचा प्रश्न मुख्यतः तेथेच उभा राहतो.

वारली चित्राचा प्रवास

वारली चित्र प्रदर्शनात कसे आले, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. डहाणू-तलासरी परिसरात लग्नप्रसंगी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत. त्या चौकात पालघट देवीची स्थापना होई. लग्नविधी हेच त्या चित्राचे प्रयोजन होते. ते टिकावे अथवा विकले जावे अशी अपेक्षा नव्हती. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या परिसरात कागद व रंग नेले. त्यातून गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा प्रकाशात आली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील जागतिक प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रवासाने दोन गोष्टी घडविल्या. एका आदिवासी चित्रकाराला स्वतःच्या नावाने कलावंत म्हणून मान्यता मिळाली. अनेक कुटुंबांना उपजीविकेचे साधन लाभले. हे श्रेय नाकारता येणार नाही. त्याच वेळी चित्र लग्नाच्या भिंतीवरून सुटले आणि ते लिहिणाऱ्या स्त्रिया बऱ्याच अंशी पार्श्वभूमीला गेल्या. कलादालन कलेला केवळ स्थलांतरित करीत नाही. कलावंत कोण आणि कलाकृती कोणती याची व्याख्याही ते बदलते.

किनवट-माहूरचे कलावास्तव

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्याची सीमा बदलली, तरी गोंडांचे कुळसंबंध, देवस्थाने व सण सीमेच्या दोन्ही बाजूंना जोडलेलेच राहिले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा जो अभ्यास केला, तो किनवटच्या अभ्यासकालाही म्हणूनच उपयुक्त ठरतो.

या भागातील श्रेष्ठ कला भिंतीवरची नाही. ती काळात घडणारी आहे. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे संच एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. त्यांत घुसाडी असतात : डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दांडा. हा वेश म्हणजे केवळ नर्तकाची सजावट नव्हे. तो धारण केलेल्या काळात घुसाडी देवत्वाचा वाहक मानला जातो आणि त्याला नियम पाळावे लागतात. यजमान गाव पाहुण्या संचाला जेवू घालते, रात्रभर नाच-गाणे चालते, सोयरिकींच्या गोष्टी निघतात. सण संपल्यावर विधिपूर्वक वेश उतरविला जातो.

दुसरी परंपरा परधानांची. परधान हे गोंडांचे कुळकथाकार. किकरी हे तंतुवाद्य वाजवीत ते गोंड यजमानांच्या कुळांची व देवतांची आख्याने गातात. विशेष म्हणजे या भागातील परधानांची घरातली बोली मराठी, तर आख्यानाची भाषा गोंडी. दोन भाषांच्या मधोमध उभा असलेला असा कलावंत नांदेडच्या मराठी प्रेक्षकाला सहज लाभणारा निरूपणकार आहे; पण प्रदर्शनाच्या आखणीत त्याचा विचार क्वचितच होतो.

दालनातील दुहेरी अदलाबदल

अलीकडे वारलीबरोबर 'गोंड चित्रे' मांडण्याकडेही कल दिसतो. ही शैली प्रामुख्याने मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी भागातील परधान गोंडांची आहे. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन सुरू झाले. तेथे जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांना संधी दिली आणि गाणाऱ्यांच्या जमातीतून चित्रकारांची एक पिढी उभी राहिली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात निवासी कलावंत म्हणून काम करीत असताना जनगढ यांनी आत्महत्या केली. कलावंताला दूर नेणाऱ्या संस्थेची त्याच्याविषयीची जबाबदारी कोणती, हा प्रश्न त्या घटनेने कायमचा मागे ठेवला.

किनवटच्या गोंड विद्यार्थ्याने नांदेडच्या दालनात ही चित्रे पाहिली आणि 'ही तुमची कला' असे त्याला सांगण्यात आले, तर त्याच्या वाट्याला काय येते? आधी वारलीने त्याची जागा घेतली, आता मंडल्याने घेतली. त्याच्या आजोबांची किकरी मात्र काचेच्या कपाटात 'एक वाद्य' एवढ्या ओळखीनिशी पडून राहते. सन्मानाच्या हेतूने भरविलेले प्रदर्शन अशा वेळी विस्मरणाचे साधन बनते.

सामुदायिक कार्यक्रमांतही हीच अडचण आहे. उद्घाटनाला घुसाडी संच बोलावला जातो, पाहुण्यांच्या स्वागतासाठी दहा मिनिटे नाचविला जातो आणि भाषणे सुरू होताच बाजूला बसविला जातो. ज्याला गाव देव मानून सामोरे जाते, तो येथे हारतुऱ्यांच्या रांगेचा भाग होतो. दंडारी हीच मुळात सामुदायिक कार्यक्रमाची परिपूर्ण रीत आहे. तिच्यात यजमान, पाहुणा, भोजन व निरोप यांचे नियम ठरलेले आहेत. आयोजक यजमानपद घेतात, पण यजमानाची कर्तव्ये जाणून घेत नाहीत.

परदेशातील एक दाखला

ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वाळवंटी वसाहतीत १९७१ पासून आदिवासी पुरुषांनी फळ्यांवर चित्रे काढण्यास प्रारंभ केला आणि १९७२ मध्ये स्वतःची कलावंत कंपनी स्थापन केली. आरंभीच्या काही चित्रांत विधीतील गोपनीय चिन्हे उघड झाल्याने आसपासच्या आदिवासी समाजांनी आक्षेप घेतला. त्यानंतर चित्रकारांनी काय दाखवावे व काय झाकावे याचा विचार करून चित्रणात बदल केला. येथे बोध घ्यावयाचा तो शैलीचा नाही. दाखविण्याची मर्यादा समाजाने ठरविली आणि कला त्यामुळे दुबळी झाली नाही, हा तो बोध आहे.

प्रादेशिक दालनाकडून अपेक्षा

या विवेचनावरून काही निकष सुचतात. पहिला, कलावंताचे नाव व गाव वस्तूच्या आधी यावे. दुसरा, कलेचा परिचय मराठीबरोबर गोंडी व कोलामीतही ऐकू यावा. तिसरा, कार्यक्रमाची तारीख शासकीय दिनविशेषापेक्षा समाजाच्या सणांच्या दिनक्रमाशी जुळवून, पंचांच्या संमतीने ठरावी. घुसाडीचा वेश हंगामाबाहेर चढवावा किंवा नाही, हे त्यांनीच सांगावे. नकार आल्यास तोही स्वीकारावा. चौथा, मानधन प्रमुख वक्त्याच्या मानधनाच्या तोडीचे असावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठी इमारत लागत नाही. म्हणूनच मोठ्या संग्रहालयांपेक्षा किनवटच्या जवळ असलेले लहान दालन हे काम अधिक चांगले करू शकते.

समारोप

२०२१ मध्ये आदिलाबादच्या मारलवाई येथील घुसाडी नर्तक कनक राजू यांना पद्मश्री देण्यात आली; २०२४ मध्ये ते निवर्तले. राष्ट्राने ज्या कलेचा गौरव केला, ती नांदेडच्या अंगणातही आहे, याची जाणीव मात्र आपल्या प्रदर्शनांत उमटलेली दिसत नाही. वारली चित्रे जरूर लावावीत, परंतु त्यांनी किनवटची जागा घेऊ नये. दंडारी ज्या गावाला जाते, त्या गावाला आधी तिचे आतिथ्य करता यावे लागते. नांदेडच्या दालनाची पहिली परीक्षा त्या आतिथ्याचीच आहे. भिंतीवर काय लावावे हा प्रश्न त्यानंतरचा होय.