तुमच्या संदर्भातली पाल नेमकी कुठली?

खान्देशातल्या बिबट्या पालीवर सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिल्या तासाभरात तुम्ही एक वाक्य हमखास लिहाल: ‘या पालीत अंड्याच्या तापमानावरून नर-मादी ठरते.’ मीही लिहिलं होतं. सरांनी समासात लाल पेनाने एवढंच विचारलं, ‘कुणाच्या अंड्यात?’

बिबट्या पाल म्हणजे युब्लेफॅरिस. ही आपल्या घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही, कारण बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्याच नसतात. डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या आणि जाड शेपटीत चरबीचा साठा. कोरड्या, दगडाळ मुलखात रात्री जमिनीवर फिरणारा प्राणी. हिच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं आणि घोळ तिथेच सुरू होतो.

कारण त्यातलं बहुतेक सगळं मॅक्युलॅरिअस या एकाच जातीबद्दल आहे. तीही जंगलातली नाही, पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली. तापमानाचे ते गाजलेले आकडे घ्या. 26 अंशांना जवळपास सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, 34 ला परत बहुतेक माद्या. प्रयोग उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. टेक्सासमधल्या प्रयोगशाळांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. पण ती अंडी स्थिर तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये होती. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि रात्री उतरतो. दगडाखाली, वीतभर खोल मातीत किती असतो? तिथे लॉगर पुरून मोजल्याशिवाय 32.5 हा आकडा आपल्याकडे नुसता पाहुणा आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेला जीनोमसुद्धा मॅक्युलॅरिअसचाच.

दुसरी अडचण नावाची. माल्कम स्मिथ यांच्या 1935 च्या सरडे-पालींवरच्या खंडात आपल्या भागाला लागू पडेल असं नाव मॅक्युलॅरिअसच. बोर्नरने नंतर फस्कस ही उपजात म्हणून मांडली, इंद्रनील दास यांनी 1997 मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. म्हणजे जुन्या नोंदीत ‘मॅक्युलॅरिअस, पश्चिम भारत’ असं दिसलं, तर ते नाव तसंच उचलू नका. आधी नोंदीचं वर्ष बघा. नमुना जपलेला असेल तर तोही.

मग 2014 चा शोधनिबंध येतो. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी ‘फायलोमेड्युसा’त सातपुराएन्सिस ही नवी जात वर्णन केली. वर्गीकरणाचा निबंध कसा वाचायचा, हे शिकायला मी ज्युनिअर्सना हाच देतो. ‘ही वेगळी का?’ या एका प्रश्नाला तो चिकटून राहतो आणि बाकीच्या जातींशी बारकाईने तुलना करतो. पण असा निबंध ‘ही जगते कशी?’ याचं उत्तर द्यायला लिहिलेलाच नसतो. खातं काय, अंडी कधी, पावसाआधी कुठे दडते, हे त्यात शोधून मिळालं नाही म्हणून लेखकांवर चिडू नका. मी चिडलो होतो, उगाच. ते काम आपलं आहे.

आता नकाशा उघडा. उत्तरेला सातपुडा, खाली तापीचं खोरं, दक्षिणेला धुळ्याकडचा कोरडा माळ. पायथा आणि नदी यांच्यामध्ये रावेर, यावल, चोपड्याचा केळीचा बागायती पट्टा. बारमाही ओल. कोरड्या दगडांची सवय असलेली पाल हा पट्टा ओलांडते का? डोंगरातली आणि माळावरची वेगवेगळ्या जातींच्या असतील, तर सीमा कुठे पडते? पीएचडीला पुरेल एवढा हा प्रश्न आहे, आणि त्याला परदेशी पिंजऱ्यातली पाल काही कामाची नाही.

चोपडा तालुक्यात एका बांधावर मला एक मेलेली दिसली होती. ‘लई विषारी राहते’ म्हणून ठेचलेली. (पालींना विष नसतं, हे तिथल्या बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नाही.) डोकं गेलेलं, पाठीवरची कातडी सोललेली, जात ओळखायच्या खुणाच शिल्लक नव्हत्या. वहीत मी ‘युब्लेफॅरिस, जात अनिश्चित’ एवढंच लिहिलं, सोबत तारीख आणि जीपीएस. सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य त्याच रात्री खोडलं.