शस्त्रक्रियोत्तर देखरेख आणि मोबाइल ॲप : पुराव्याचे एक परीक्षण

शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत रुग्णास रुग्णालयात ठेवण्याची प्रथा पूर्वी सर्वत्र रूढ होती. आता अनेक शस्त्रक्रियांनंतर रुग्ण त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत घरी जातो. जखमेतील जंतुसंसर्ग मात्र पुष्कळदा त्यानंतरच प्रकट होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मोबाइल ॲपचा उपाय पुढे आला. रुग्णाने वेदनेचे मान कळवावे, ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, जखमेचे छायाचित्र पाठवावे आणि दूरस्थ चिकित्सकाने ते पाहावे, अशी ही योजना होय. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पाठीशी असलेला पुरावा नेमके काय सिद्ध करतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

टोरांटो येथील विमेन्स कॉलेज हॉस्पिटलमधील यादृच्छिक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत स्तन-पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झालेल्या ६५ स्त्रिया होत्या. पहिल्या ३० दिवसांत ॲप वापरणाऱ्या स्त्रियांना रुग्णालयाच्या खेपा कमी कराव्या लागल्या व ही पद्धत त्यांना अधिक सोयीची वाटली. गुंतागुंतीच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. खेपा कमी होतात हे दाखविण्यास एवढी संख्या पुरेशी आहे. परंतु क्वचित उद्भवणाऱ्या गंभीर उपद्रवांविषयी निर्वाळा देण्यास ती अपुरी ठरते. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत.

एडिंबरो येथे पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४९२ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. संसर्गाच्या निदानास लागणाऱ्या एकूण काळात तेथे संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक पडला नाही. तथापि पहिल्या सात दिवसांत निदान होण्याची शक्यता ॲपच्या गटात अधिक दिसली. हा निष्कर्ष आशादायक खरा. पण स्मार्टफोन बाळगणाऱ्यांनाच चाचणीत प्रवेश होता, हे विसरून तो सर्व रुग्णांना लागू करणे युक्त होणार नाही.

या साऱ्या विवेचनात एक मूलभूत प्रश्न मात्र दुय्यम राहतो. आलेले उत्तर हा पुरावा होय; मग न आलेले उत्तर काय होय? तीन दिवस छायाचित्र न पाठविणारा रुग्ण बरा होऊन कामाला लागला असेल, त्याच्या फोनचा रिचार्ज संपला असेल, अथवा तो ज्वराने ग्लानीत पडला असेल. पडद्यावर या तिन्ही अवस्था सारख्याच कोऱ्या दिसतात. संशोधनात अशा नोंदी ‘अपूर्ण माहिती’ म्हणून वेगळ्या काढता येतात. देखरेखीत तसे करता येत नाही, कारण सर्वांत मोठा धोका कदाचित तेथेच दडलेला असतो.

शिवाय, निरीक्षणाचे जे काम पूर्वी परिचारिकेच्या शिक्षित दृष्टीकडे होते, ते आता रुग्णाकडे व त्याच्या घरच्यांकडे येते. मंद प्रकाशात घेतलेले छायाचित्र, किंवा सावळ्या त्वचेवर सहज न उमटणारी लाली, यांतून निदानाची चूक संभवते. रवांडातील किरेहे जिल्ह्यात सिझेरियननंतरच्या देखरेखीसाठी जे प्रयोग झाले, त्यांची दिशा या दृष्टीने विचारणीय आहे. तेथे आरोग्य-कार्यकर्ते मातेच्या घरी जाऊन लक्षणे विचारीत व जखमेचे छायाचित्र घेत. साधन तेच राहिले. पण पाहण्याचा भार रुग्णावर टाकला गेला नाही.

तात्पर्य, ॲपमुळे देखरेख संपत नाही, तिचे श्रमविभाजन बदलते. म्हणून अशा योजनेचे मूल्यमापन वाचलेल्या खेपांवरून किंवा जमलेल्या छायाचित्रांवरून करणे अपुरे होय. अपेक्षित छायाचित्र आले नाही, तर किती तासांत, कोणी आणि कोणत्या मार्गाने रुग्णाची विचारपूस केली, ही नोंद प्रत्येक चाचणीत असली पाहिजे. ती नसेल तेथे सोय सिद्ध झाली असे म्हणता येईल. सुरक्षितता सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही.