शब्दांची संगत आणि तर्खडकरी इंग्रजी

शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो, असं विट्गेन्स्टाइन म्हणतो. त्याचं हे पुस्तक 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर, आलं. आज हे म्हणणं आपण एका घरगुती पुस्तकाला लावून पाहू: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. इथे जमलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना तिची ओळख करून द्यायला नको.

या पाठमालेचं ऋण मोठं आहे. काळ, वचन, वाक्याची बांधणी हे सगळं तिने पिढ्यान्‌पिढ्या पक्कं करून घेतलं. माझा आक्षेप तिच्या पद्धतीमागच्या गृहीतकाला आहे. मराठी शब्दाला इंग्रजी शब्द लावला, वर नियम बसवला, की इंग्रजी वाक्य झालं! तसं होत नाही हो.

आपला ‘कडक’ घ्या. चहा कडक असला तर ‘स्ट्राँग’, मास्तर कडक असले तर ‘स्ट्रिक्ट’, शिळा पाव कडक झाला तर ‘हार्ड’. का? याला तर्क नाही, वहिवाट आहे. जे. आर. फर्थ हे भाषाशास्त्रज्ञ 1920च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. पुढे त्यांनी हेच सांगितलं, की शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा. तिकडे तोक्योत हॅरल्ड पामर यांनी 1933 साली अशा इंग्रजी जोड्यांचा अख्खा अहवालच छापला, तोही शिकणाऱ्यांसाठी.

गंमत अशी की मराठीच्या बाबतीत हे काम एका इंग्रजाने शंभर वर्षं आधी केलं होतं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा. आपल्या पंडितांच्या मदतीने त्यांनी शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रचारही टिपले. ‘लागणे’ या एका क्रियापदाचा विचार करा. भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं. अंधेरीला ‘बोरिवली लागली आहे’ म्हणजे गाडी फलाटावर उभी आहे, आणि घाटात ‘मला गाडी लागते’ म्हणजे पिशवी हाताशी ठेवा! हे कुठल्या नियमातून काढणार? म्हणजे साहेब आपली भाषा संगतीने शिकला, आणि आपण त्याची प्रतिशब्दांनी.

याची किंमत मुलं मोजतात. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक घेतो. इंग्रजीत उलट, विद्यार्थी ‘टेक’ करतो. ब्रिटिश मुलगा तर परीक्षेला नुसता ‘बसतो’, आणि गंमत म्हणजे परीक्षेला बसणं आपल्यालाही परकं नाही. मराठी मुलगा ‘गिव्ह’ म्हणाला की वर्गात लाल रेघ, मुलाखतीत सूचक हसू. त्याने तर्काची चूक केलेली नसते. उलट तो आपल्या भाषेशी प्रामाणिक असतो. ‘आय गेव्ह द एक्झाम’ आज भारतभर बोललं जातं, तेव्हा ती भारतीय इंग्रजीची वहिवाट झाली आहे असंच मी म्हणेन.

मग ‘टेक’ शिकवायचं नाही का? जरूर शिकवायचं, बाहेरच्या जगात त्याचं काम पडतं. पण ‘तू चुकलास’ म्हणून नव्हे, ‘तिकडे असं म्हणतात’ म्हणून. पाठमालेची नवी आवृत्ती कुणी काढणार असेल, तर शब्दार्थांच्या यादीत ‘एक्झाम’ एकटा छापू नये. शेजारी ‘टेक’, ‘सिट’, ‘पास’, ‘फेल’ हे त्याचे सोबती छापावेत आणि आपलं ‘गिव्ह’सुद्धा, भारतात चालतं अशी खूण करून.